अंकुशच्या मापाचा ट्रॅक्टर

बागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर मी घरी बनवतो असं सांगितलं की पाहुणे आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "खरा चालतो का?" चालतो. आष्टीत आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे. एका बाजूला वेल्डिंग, दुसऱ्या बाजूला जुनं लेथ, मधे कोंबड्या. या शेडमधून माझ्या हातचे एकोणतीस ट्रॅक्टर बाहेर पडले. त्यातले सव्वीस अजून चालतात. उरलेल्या तिघांबद्दल मी फारसं बोलत नाही.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडं लिंबाच्या बागा पुष्कळ. लिंबोणी वाढली की दोन ओळींमधे फांद्या एकमेकींना भिडतात, आणि काटे असे की म्हैस आत शिरायला बघत नाही. मोठा ट्रॅक्टर घातला तर निम्मी बाग मोडून बाहेर येतो. कंपन्यांचे छोटे ट्रॅक्टर आता मिळतात, पण ते कंपनीच्या मापाचे. शेतकऱ्याची बाग त्याच्या बापानं लावलेली असते, हव्या त्या अंतरावर. म्हणून मी आधी बागेत जातो, टेप लावतो. ओळीची रुंदी, खालच्या फांदीची उंची, बांधाजवळ वळायला जागा किती. मग सामान शोधायचं. इंजिन मालवाहू रिक्षाचं, मागचा धुरा जुन्या जीपचा. धुरा मधून कापून आखूड करायचा. एकामागं एक दोन गिअरबॉक्स जोडायचे, म्हणजे चाल बैलासारखी संथ होते. शेवटी बसणाऱ्या माणसाचं माप घ्यायचं. हे शेवटचं फार कुणी करत नाही, मी करतो. दिवसभर ज्याला बसायचं त्याचा गुडघा कुठं येतो हे बघायला नको?

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका गड्याला ट्रॅक्टर घराच्या दारातून आत जाईल एवढाच रुंद पाहिजे होता, कारण तो त्याला पडवीत झोपवणार होता. मी दाराचं माप घेऊन बनवला. नेला, तेव्हा दारात नवी कोरी चौकट, आधीच्यापेक्षा चार बोटं अरुंद. बायकोनं हौसेनं सागवानी बसवून घेतली होती. त्यांच्या घरात त्या दिवशी जे झालं ते मी मान खाली घालून ऐकलं.

पण सांगायचं आहे ते सुमनबाईंच्या ट्रॅक्टरबद्दल.

त्या आल्या तेव्हा शेडमधे मी एकटाच होतो. चाळिशीच्या, अंगानं लहानखुऱ्या, मान ताठ. गाव आष्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर, नाव सांगत नाही. दोन एकर लिंबोणी, घर मळ्यातच. पिशवीतून त्यांनी एक सुतळी काढली. तिला ठिकठिकाणी गाठी मारलेल्या.

"युनूसभाई, बागेचं माप तुमी येऊन घ्या. माणसाचं मी आणलंय."

"कोण चालवणार?"

"आमचे मालक. अंकुश नाव त्यांचं."

एकेक गाठ बोटात धरून त्या सांगत गेल्या. ही कमरेपासून गुडघ्यापर्यंत. ही गुडघ्यापासून टाचेपर्यंत. ही खांद्यापासून पंज्यापर्यंत. माणूस चांगला सहा फुटी असावा.

"आन् डावा पाय न्हाई," त्या म्हणाल्या. "गुडघ्याखाली. ऊसतोडीला गेलो व्हतो, ट्रॉली कलंडली."

"त्यांना एकदा घेऊन या की. बसवून बघतो."

"ते यायचे न्हाईत."

पाय गेलेला माणूस लोकांसमोर येत नसेल, असं मला वाटलं. मी जास्त विचारलं नाही.

महिनाभर मी त्या सुतळीबरोबर काम केलं. डाव्या पायाचं क्लच काढून हाताशी दांडा दिला. स्टेअरिंगवर लाकडी मूठ बसवली, एका हातानं फिरवता यावं म्हणून. उजव्या पायाला फक्त ब्रेक. सीट सुतळीच्या मापानं मागं आणि उंच. मी त्यावर बसलो तर पाय ब्रेकला पोचेना, लोंबकळत राहिला. सीटचे बोल्ट आवळले आणि त्यांच्या डोक्यांवर लाल रंगाचा ठिपका दिला. ही माझी निशाणी. कुणी बोल्ट हलवला तर रंग फुटतो. महिन्याच्या शेवटी अशी गत झाली की ज्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं त्याची मांडी, ढोपर, पंजा मला पाठ झाला होता.

ट्रॅक्टर टेम्पोत घालून मळ्यात नेला तेव्हा भर दुपार होती. वारा नव्हता. लिंबोणीचं पान हलत नव्हतं. अंगणात ट्रॅक्टर उतरवला. ओट्यावर एक बाज होती, तिच्यावर घडी घातलेला गुलाबी पटका. बाजेखाली एक चप्पल. एकच, उजव्या पायाची, मोठी.

"सांगा त्यांना कसं चालवायचं ते," सुमनबाई म्हणाल्या.

मी इकडंतिकडं बघितलं. "कुठायत?"

त्यांनी बाजेकडं हात केला. "सांगा. ऐकतायत."

बाजेच्या मागं घराचं दार अर्धवट लोटलेलं. माणूस आत असेल, समोर यायला लाजत असेल. मी त्या अंधाऱ्या फटीकडं तोंड करून बोलायला लागलो. हा क्लचचा दांडा, असा ओढायचा. उतारावर गिअर काढायचा नाही. ब्रेक हळू दाबा, नवा आहे. घशाला कोरड पडेपर्यंत बोललो. आतून हुंकारही आला नाही. दाराच्या फटीतून एक मांजर बाहेर आलं आणि बाजेवरच्या पटक्यापाशी जाऊन बसलं.

"कळलं म्हणतायत," सुमनबाई म्हणाल्या.

चहालासुद्धा थांबलो नाही.

गावाच्या फाट्यावर भागवतचं हॉटेल आहे. तिथं टेम्पो थांबवला. भागवतनं विचारलं, "कुणाचा ट्रॅक्टर टाकला मिस्त्री?"

"अंकुशचा. लंगडा आहे ना, त्याच्यासाठी खास बनवला."

भागवतच्या हातातलं चहाचं गाळणं तसंच राहिलं.

"अंकुश? त्याला जाऊन अकरा सालं झाली की."

"वारला?"

"कुणाला ठाव. कर्नाटकात दवाखान्यात पाय कापला. पाय कापल्यावर आठ दिसांनी पलंगावरून उठून गेला, कुबड्या घेऊन. पुन्ना कुणी बघितला न्हाई. कुडी सापडली न्हाई, माणूस सापडला न्हाई. सुमन एकलीच माघारी आली."

दोघं मिळून एक कोयता धरतात ऊसतोडीत, नवरा तोडणार आणि बायको मोळ्या बांधणार. पाय गेलेला गडी अर्धा कोयता कसा धरणार? लोक म्हणत, शरमेनं गेला.

घरी येईस्तोवर माझ्या डोक्यात तीच बाज. जे नाही त्याच्या मापाचं मशीन मी बनवून दिलं होतं, आणि त्या मशीनवर बसायला पाय पुरेल असं त्या घरात कुणी नव्हतं. आधी माणूस बघितल्याशिवाय काम घेतलं, हे माझं चुकलंच.

तीन महिन्यांनी सुमनबाईंचा फोन आला. ब्रेक ढिला झालाय.

गेलो. ट्रॅक्टर लिंबाच्या सावलीला उभा होता. मिस्त्री माणूस मशीन बघून बसणाऱ्याबद्दल पुष्कळ सांगू शकतो. टायरचे दात घासलेले. तेल काळं. म्हणजे चाललाय, भरपूर चाललाय. ब्रेकच्या पायरीचं रबर एकाच कडेला खाल्लेलं. सीटची गादी उजव्या अंगाला खोल बसलेली, डावीकडं नव्यासारखी. एका पायाचा माणूस बसेल तर भार असाच पडेल. मी वाकून बोल्ट बघितले. लाल ठिपके जसेच्या तसे. सीट सूतभर हललेली नव्हती.

बाग बघितली. ओळींमधे कुळवाची पाळी घातलेली, रेघ ओढल्यासारखी सरळ.

"बाई, कोण चालवतं?"

"ज्यांच्यासाठी केला ते," त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

ब्रेक आवळून मी लगेच निघालो. परतताना भागवतच्या हॉटेलात सगळे माझीच वाट बघत बसल्यासारखे. एक म्हातारा म्हणाला, "म्या डोळ्यानं बघितला. दुपारच्याला. गुलाबी पटका, डावा पाय न्हाई, आन् काट्यातून सरळ चाललेला. हाक मारली तर वळून बघितलं न्हाई." दुसरा म्हणाला, "दिनकरनंबी बघितला." दिनकर म्हणजे अंकुशचा थोरला भाऊ, शेजारच्या शेतातला. दरवर्षी नांगराच्या तासानं बांध कोरत कोरत तो सुमनबाईंच्या बागेत दोन ओळी आत आला होता. आता तो बांधाकडं फिरकत नव्हता. "माझा भाऊ माघारी आलाय, पर माणूस म्हणून न्हाई," असं तो म्हणत होता म्हणे.

"मिस्त्री, तुमीच केला ना त्याच्या मापाचा?" भागवतनं विचारलं.

"मीच केला," मी म्हणालो. तेवढं बोलायला नको होतं. माझ्या त्या दोन शब्दांनी गावाची उरलीसुरली शंका मिटली.

घरी बायकोला, रेहानाला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अजी, जिसकू वजनच नई, उससे गादी कैसी दबती?"

चाळीस वर्षं यंत्रात घालवून मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, न कळवता, दुपारी गेलो. मोटारसायकल लांब लावली आणि बांधावरून चालत निघालो. माझ्या हातच्या इंजिनाचा आवाज मी ओळखतो, आई लेकराचा खोकला ओळखते तसा. बागेच्या आतून तो येत होता, संथ, एकसारखा. बाकी चिटपाखरू नव्हतं. मी ओळीत शिरलो. काटे शर्टाला धरत होते. पुढं पानांतून पांढरा शर्ट दिसला. उंच पाठ, गुलाबी पटका. डाव्या बाजूला गुडघ्याखाली काही नव्हतं, पायजम्याची मोकळी नळी हलत होती नुसती.

ओठांवर आपोआप दुआ आली. ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला गेला, बांधाला लागून वळला, आणि तोंड माझ्याकडं करून यायला लागला. बाजूला व्हायला जागा नव्हती, दोन्हीकडं काटे. पटक्याचं टोक तोंडावरून गुंडाळलेलं. माझ्यापासून दहा हातांवर आल्यावर एका हातानं क्लचचा दांडा ओढला आणि मशीन थांबलं.

पटका खाली सरकला. सुमनबाई होत्या.

त्यांनी पायजम्याच्या नळीतून काढून अंगाखाली दुमडलेला डावा पाय बाहेर घेतला. मुंग्या आल्या होत्या, चोळत राहिल्या. उजव्या पायाच्या चपलेला बाभळीचा एक ठोकळा सुतळीनं करकचून बांधला होता. त्याच्याशिवाय ब्रेक लागत नव्हता. ठोकळ्याच्या कडेनं रबर खाल्लं होतं. पोचायचं म्हणून त्या उजव्या काठावर बसत, आणि घडी घातलेल्या पायामुळं वीतभर उंच दिसत.

"एवढं कशापायी, बाई?"

"बांध बघितला का तुमी? दोन ओळी गेल्या. तलाठ्याकडं गेले, सरपंचाकडं गेले. समदे म्हणायचे, मालक कुठं हाय तुझा? त्याला आण. कुठून आणू?" त्यांनी पटका मांडीवर घेतला. "मंग आणला."

"आणि त्या दिवशी मला रिकाम्या बाजेला सांगायला लावलं ते?"

"दिनकरभावजींचा गडी कुंपणामागं काटे तोडत व्हता. त्यानं ऐकायला पायजे व्हतं."

"सीट खाली घेऊन देतो. पाय तरी नीट पुरेल."

"नगं. खाली घेतली तर लांबून मी दिसंन."

मी ठोकळा घरी नेला. त्याच्या जागी हलकी लोखंडी पायरी करून आणली, ब्रेकवर अडकवायची आणि काम झालं की काढून ठेवायची. कुणी बघितलं तरी कळू नये अशी. हे काम मी कुणालाही सांगितलं नाही. आता सांगतोय कारण आता लपवायची गरज उरली नाही.

पुढच्या वर्षी ऊसतोडीची माणसं परतायच्या दिवसांत एक माणूस शेडच्या दारात येऊन उभा राहिला. दोन्ही काखेत कुबड्या, डावा पाय गुडघ्याखाली नाही. केस पार पांढरे, गालफडं बसलेली.

"लंगड्याचा ट्रॅक्टर करणारे मिस्त्री तुमीच का?"

मी हातातला पाना खाली ठेवला. चेहरा मला अनोळखी होता. पण मांडी, ढोपर, कुबडीवर टेकलेला तो लांब हात, पंजा? महिनाभर मी याच मापावर लोखंड कापलं होतं.

"बस अंकुश," मी म्हणालो.

तो दचकला. खाटेवर बसला आणि कितीतरी वेळ कुबड्या छातीशी धरून राहिला. कर्नाटकातल्या एका गुऱ्हाळावर राखणदार म्हणून त्यानं बारा वर्षं काढली होती. यंदा त्याच्या गावाकडची टोळी तिथं ऊस तोडायला आली. त्यातल्या एकानं त्याला बघितलं आणि हातातला कोयता टाकून पळाला.

"पकडून इचारलं, कावून पळतो? तर म्हणला, तू तर गावात हायस. रोज दुपारच्याला तुझ्या बागेत ट्रॅक्टर चालवतो, समद्या गावानं बघितलंय." त्यानं कुबड्या आणखी जवळ ओढल्या. "तवापास्नं झोप न्हाई मिस्त्री. वाटतं, मी मेलोय आन् मलाच कुणी सांगितलं न्हाई. माझ्या जागी कोण हाय तिथं?"

"चल, दाखवतो."

त्याला मोटारसायकलवर मागं बसवलं, कुबड्या आडव्या धरल्या. फाट्यावरून जाताना त्यानं टॉवेलनं तोंड झाकून घेतलं. मळ्याजवळ आलो तर इंजिनाचा आवाज येतच होता. बांधाशी त्याला उतरवलं. पानांतून ती उंच पाठ, गुलाबी पटका, मोकळी नळी, समोरून गेली. अंकुशनं माझं मनगट धरलं. पंजा थंडगार होता.

"मीच हाय की त्यो," तो पुटपुटला.

ट्रॅक्टर वळला. परत येताना आमच्यासमोर थांबला. सुमनबाईंनी आधी मला बघितलं, मग त्याला. इंजिन बंद केलं नाही. पटका तोंडावरून काढून म्हणाल्या,

"वसरीत पाणी हाय. पिऊन घ्या. एवढी ओळ संपवून येते."

आणि गेल्या. धूळ आमच्या अंगावर बसत राहिली. अंकुश त्या सरळ तासाकडं बघत होता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आता मी घरात कोण म्हणून जाऊ?"

मी कुबड्या त्याच्या काखेत दिल्या आणि मोटारसायकल वळवली.

तो राहिला. आत दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. दिनकरनं भावाला बघितलं तेव्हा तो उंबऱ्यातच खाली बसला, एवढं ऐकलं. बांध जिथला तिथं गेला. पंधरा दिवसांनी सुमनबाईंनी मला बोलावून सीट खाली आणि पुढं घेऊन मागितली. मी लाल ठिपके फोडले. त्या लुगड्याचा काष्टा घालून, दोन्ही पाय टेकवून बसल्या आणि चालवत निघाल्या. अंकुश बाजेवर बसून लिंबं निवडत होता. मी म्हटलं, तूही बसून बघ एकदा, तुझ्यासाठीच बनवलाय. तो हसला. "नगं. त्याच्यावर बसायचं भ्या वाटतं," म्हणाला.

परतताना भागवतकडं थांबलो. म्हटलं, काय, अंकुश आला म्हणे घरी. दिनकरनं तर भाऊ ओळखून बांध माघारी दिला.

भागवतनं कप पुढं सरकवला आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली केला.

"दिनकरला भ्यानं काय कळतंय? त्यो बाजेवरचा पांढऱ्या केसांचा कोण पाव्हणा हाय देव जाणे. खरा अंकुश आता ट्रॅक्टरवर दिसत न्हाई, मिस्त्री. त्यो गेला. चांगला माणूस व्हता, आमी रोज बघत व्हतो त्याला."